शहराला आखाडा हवा

मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला 'आखाडा' म्हटलं की कुस्तीची तांबडी माती आठवेल. नांदेड, परभणी, हिंगोलीकडे आखाडा म्हणजे शेतातलं बस्तान. पत्र्याचा नाहीतर कुडाचा निवारा, बाजूला कडब्याची गंजी, जनावरं बांधायची जागा, जवळ विहीर किंवा बोअर आणि सावलीला एखादं लिंबाचं झाड. घर गावात, आखाडा रानात. राखणीला, सुगीला, रात्री वीज आली की पाणी द्यायला घरातलं कुणीतरी तिथं मुक्कामाला असतंच. गावातल्या घरात पाहुण्यांची गर्दी झाली तर म्हातारा आपणहून पांघरूण उचलतो आणि आखाड्यावर झोपायला जातो.

2021 च्या वसंतात, करोनाची दुसरी लाट चढत असताना, नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यातल्या भोसी गावानं या आखाड्याचा उपयोग करून दाखवला. सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. एका लग्नानंतर काही जण बाधित निघाले, मग गावात तपासणी शिबिर लावलं तेव्हा आकडा 119 वर गेला. जिल्हा परिषद सदस्य, ग्रामपंचायत आणि आरोग्य कर्मचारी यांनी मिळून ठरवलं की बाधितांनी गावात थांबायचं नाही. ज्याचं त्यानं आपल्या शेतात जाऊन राहायचं, पंधरा दिवस, लागले तर आणखी दोन. आशाताई आणि अंगणवाडीताई शेताशेतांत फिरून रोज विचारपूस करत होत्या. ज्यांना शेतच नव्हतं, त्या मजुरांसाठी शेतात वेगळं शेड उभारलं. मुदत संपवून माणसं गावात परतली, आणि पुढचा महिना-दीड महिना गावात नवा रुग्ण सापडला नाही.

या घटनेच्या बातम्या झाल्या, कौतुक झालं, इतर गावांनाही तोच मार्ग सुचवला गेला. मला मात्र ती वाचताना वेगळाच प्रश्न पडला. भोसीपासून नांदेड शहर फार लांब नाही. इतवाऱ्यातल्या एखाद्या गल्लीत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. त्यातल्या एकाला बाधा झाली तर त्याचा आखाडा कुठं? या लेखाचा विषय तेवढाच आहे. साथीत टिकणारं शहर कसं बांधायचं, याची चर्चा करताना आपण रुग्णालयातल्या खाटा मोजतो. त्या मोजायलाच हव्यात. पण माणूस खाटेवर जाण्याआधी त्याला बाजूला होता आलं पाहिजे, आणि बाजूला व्हायला जागा लागते, पाणी लागतं, हवा लागते आणि विचारपूस करणारं माणूस लागतं. भोसीच्या रानात या चारही गोष्टी होत्या.

खरं तर भोसीनं नवीन काही शोधलं नव्हतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो दख्खनच्या गावागावांतून फिरत राहिला. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, हे शहाणपण लोकांनी अनुभवातून मिळवलं. घरांना कुलपं लागायची, माणसं माळावर, शेतात झोपड्या घालून राहायची, साथ ओसरली की परत यायची. 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ मराठीत 'मानमोडी' म्हणून लक्षात राहिली. 'प्लेगच्या साली जन्मला', 'मानमोडीत गेली' अशी माणसांची वयं आणि मरणं मोजली जात. गाव उठून रानात जायचं आणि पुन्हा वसायचं, ही क्षमता गावरचनेतच होती, कारण गावाभोवती मोकळं रान होतं. शहर वाढताना आपण आधी हे मोकळं रानच गुंठ्यांनी विकून टाकतो.

तरी 2020-21 मध्ये नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांना आखाडे सापडले, तेही मुळात दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतींत. नांदेड हे यात्रेचं शहर. 2008 मध्ये शिखांच्या गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्तानं शहराचे रस्ते रुंद झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला देशभरातून माणसं येतात म्हणून शहरात यात्री निवासं आहेत, पंजाब भवन आहे, एनआरआय भवन आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा होला मोहल्ल्याच्या सणासाठी आलेले सुमारे चार हजार भाविक याच शहरात अडकले आणि एप्रिलअखेर पंजाबकडे बसगाड्या सुटेपर्यंत लंगरच्या जेवणावर इथंच राहिले. नंतर पंजाब भवन आणि यात्री निवासातल्या खोल्यांत कोविड केअर सेंटर उघडली. लातुरात हेच काम 12 नंबर पाटीजवळच्या समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहानं केलं. मागासवर्गीय मुलामुलींच्या शिक्षणासाठी बांधलेल्या त्या इमारतीत हजारभर मुलं राहू शकतील एवढी जागा आहे. शाळा-कॉलेजं बंद, मुलं गावी गेलेली, म्हणून ती रिकामी होती.

हा योग जुळला म्हणून निभावलं. पुढच्या वेळी योगावर विसंबायचं का? वसतिगृह, यात्री निवास, मंगल कार्यालय, शाळा अशी कोणतीही सार्वजनिक इमारत बांधताना नकाशावरच तिचं दुसरं काम लिहून ठेवता येतं. खोलीला समोरासमोर खिडक्या हव्यात. शेवटी एक लांबलचक न्हाणीघर काढण्याऐवजी दोन-दोन खोल्यांना मिळून संडास हवा. जिन्याशेजारी स्ट्रेचर चढेल असा उतार, जनरेटरला जागा, ऑक्सिजनची नळी पुढे टाकता येईल अशी भिंतीतली सोय, आणि स्वयंपाकघराला वेगळं दार. पाया घालताना हे करायला थोडा खर्च येतो. साथ आल्यावर भिंती फोडून करायचं म्हटलं तर खर्चही कितीतरी आणि वेळही नाही. हीच इमारत पुरातही उपयोगी पडते. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी चढली की नांदेडच्या सखल वस्त्यांतली कुटुंबं शाळांत हलवावी लागतात. वर्गातल्या फरशीवर चटया टाकून शेकडो माणसं झोपतात आणि संडास मोजकेच असतात. साथीच्या वर्षी पूर आला तर काय होईल, याचा विचार करूनच हे नकाशे काढायला हवेत.

एक संकट दुसऱ्याला कसं बोलावून आणतं, हे लातूरला कुणी सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या जड छपराखाली सापडले. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर वर्षभरानं घडलेलं तितकं आठवलं जात नाही. ऑगस्ट 1994 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडायला लागले, पिसवा वाढल्या आणि गाठीचा प्लेग दिसला. तज्ज्ञांनी त्याचा संबंध भूकंपाशी जोडला. भीतीनं लोक घराबाहेर झोपत होते, धान्याच्या कणग्या आणि पोती मात्र आतच होती. माणूस नसलेल्या घरात धान्य म्हणजे उंदरांना सुगीच. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली.

सुरतेचं पुढं काय झालं, ते शहरं बांधणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. 1995 मध्ये एस. आर. राव तिथं आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथं निर्णय घ्यायचे अधिकार दिले आणि रोज सकाळी सगळ्या वरिष्ठांना रस्त्यावर उतरवलं. कचरा रोज उचलला जाऊ लागला, आणि आजाराची खबर विभागाविभागातून रोज गोळा होऊ लागली. दोनेक वर्षांत सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली गेली. सुरतेला त्यासाठी नवीन शहर वसवावं लागलं नाही.

किल्लारी परिसरात मात्र गावंच नव्यानं वसवली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी हलवली. सरळ रुंद रस्ते, घराघरांत अंतर, भूकंपाला टिकतील अशा भिंती. नकाशावर पाहिलं तर साथीच्या दृष्टीनंही उत्तम वाटावं. पण घराचं क्षेत्रफळ ठरलं ते जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला 400, आणि सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्याला 750. म्हणजे ज्याला रानात आखाडा नाही त्यालाच सर्वांत लहान घर. सात माणसांचं मजूर कुटुंब 250 चौरस फुटांत राहिलं तर बाजूला व्हायचं कुठं? बाहेरचा रस्ता कितीही रुंद असो, रात्री सातही श्वास एकाच खोलीत. घर मोजताना माणसं मोजायला हवी होती. आज लातूर-नांदेडात घरकुलं बांधताना हीच चूक वेगळ्या रूपात होते. सगळ्यांना सारखंच क्षेत्रफळ मिळतं आणि गच्ची, ओसरी, अंगण या वापरत्या जागा त्यातून कापल्या जातात.

जुन्या वाड्याच्या भिंती भूकंपात घातक ठरल्या, पण त्याची आखणी शहाणी होती. दारातून आत शिरलं की ढाळज. पाहुणा, सावकार, शेतकरी सगळे तिथंच बसत, बोलणं तिथंच आटपे, आतल्या घराशी त्यांचा संबंध येत नसे. पुढे चौकात पाण्याचा रांजण, हातपाय धुऊनच वर यायचं. मागं परसदार, त्याला वेगळी वाट. बाळंतीण, आजारी माणूस, यांना वेगळी खोली मिळे. अशी एक ढाळज आजच्या फ्लॅटला देता येईल का? दाराबाहेर चार फुटांची झाकलेली जागा, बसायला कट्टा आणि एक नळ. मला वाटतं, प्रत्येक वास्तुविशारदानं हा प्रश्न स्वतःला विचारावा.

नळ म्हटलं की लातूरची गोष्ट सांगावीच लागते. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मार्च 2016 मध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात कलम 144 लावावं लागलं. पाच माणसांनी पाण्यापाशी जमायचं नाही. चार वर्षांनी तेच कलम विषाणूमुळं साऱ्या महाराष्ट्राला लागलं, लातूरकरांना ते ओळखीचं होतं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातुरात पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. नंतर 50 वाघिणी, म्हणजे 25 लाख लिटर येऊ लागलं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख 83 हजारांच्या घरात होती. भागाकार केला तर एका पूर्ण गाडीतून माणशी साडेसहा लिटर येतात. वीस सेकंद हात धुवा, असं साथीत सांगितलं गेलं. मध्यम धारेच्या नळाखाली वीस सेकंद म्हणजे साधारण दोन लिटर. तीनदा हात धुतले की माणशी पाणी संपलं. शहरी पाणीयोजनांसाठी देशात माणशी रोज 135 लिटरचं मानक आहे.

पाऊस बरा झाला, रेल्वे थांबली, पण आठ-दहा दिवसांआड नळ ही अवस्था त्यानंतरही लातूरनं पाहिली आहे. पाणी येण्याचा दिवस कसा असतो ते पाहावं. पहाटेपासून कुणीतरी जागं असतं. नळानं फुसकारा टाकला की घरभर धावपळ. आधीचं 'शिळं' पाणी मोरीत ओतायचं, ड्रम, टाकी, कळशा, बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरायचा. धार बारीक वाटली तर नळाला मोटार. शेजाऱ्यानं लावली म्हणून आपण, आपण लावली म्हणून पलीकडचा.

आरोग्याच्या बाजूनं इथं दोन गोष्टी घडतात आणि त्यांचा विचार पाण्याच्या चर्चेत क्वचित होतो. पहिली डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं महापालिका सांगते. पण नळच दहा दिवसांनी येणार असेल तर सातव्या दिवशी ड्रम कोण रिकामा करील? पाण्याचं वेळापत्रक आणि डासाचं वेळापत्रक जुळून गेलं आहे. यात बाईमाणसाच्या आळसाचा काही संबंध नाही, शहराच्या नळयोजनेचा आहे. दुसरी गोष्ट नळीच्या पोटातली. पाणी सतत असलं की नळीत दाब असतो, फट असली तर पाणी बाहेर जातं. नळी दहा दिवस रिकामी राहिली आणि मग मोटारींनी ओढली की फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर या मार्गानं घराघरांत पोहोचतात.

चोवीस तास पाणी ही श्रीमंत शहरांची चैन आहे, हा समज कराडजवळच्या मलकापूरनं पंधराएक वर्षांपूर्वीच खोटा ठरवला. तेव्हा नगरपंचायतीचं छोटं गाव, प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापराला चढा दर. पाणी हाताशी असल्यावर साठवायची गरज उरत नाही आणि शिळं म्हणून ओतून द्यायचीही. मांजराच्या पाण्याचा भरवसा कराडकडच्या नद्यांसारखा नाही, हे खरं. म्हणूनच लातूरला नळीत दाब ठेवणं, वापरलेलं पाणी शुद्ध करून उद्योगांना आणि झाडांना देणं, आणि प्रत्येक छपराचं पाणी बोअरमध्ये सोडणं हे तिन्ही एकाच वेळी करावं लागेल.

हवेबद्दल थोडक्यात. करोना हवेतून पसरतो, हे कळायला जगाला वेळ लागला. मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे 42-43 अंश, घरं दुपारी बंदच. इथला साधा पत्र्याचा कूलर खिडकीत बसवला तर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, मात्र समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. एसी तीच हवा फिरवत राहतो. लातूरच्या ट्यूशन एरियात एकेका हॉलमध्ये शेकड्यांनी मुलं बसतात, खोल्यांत तीन-चार जण राहतात आणि एकाच मेसमध्ये जेवतात. त्या हॉलना परवानगी देताना बाक किती हे पाहतात तसं दर तासाला हवा किती वेळा बदलते हेही पाहिलं पाहिजे. आणि झाडं. लातूर हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. टाळेबंदी उठली तेव्हा माणसं मोकळ्या हवेत भेटू शकत होती, पण मराठवाड्यात सावलीशिवायची मोकळी जागा दुपारी उपयोगाची नसते.

बाजारालाही अशी मोकळी जागा लागते. लातूरची गंजगोलाई हा निजामाच्या काळातला देखणा विचार आहे. मधोमध गोल, जगदंबेचं मंदिर, आणि चारही बाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते, कापड लाइन, सराफ लाइन. गर्दीला पांगायला सोळा वाटा, ही मोठी गोष्ट. पण शहर वाढलं तरी खरेदीला सगळे गोलाईतच येत राहिले, म्हणून साथीत एक गोलाई बंद केली की शहराचं पोट बंद होतं. औषध, भाजी, किराणा, रेशन आणि दवाखाना पायी पोहोचण्यात असेल अशा लहान लहान गोलाया प्रत्येक भागात हव्यात. नांदेडला 2008 च्या कामात वजिराबादसारख्या भागात चांगले पदपथ झाले होते. चालणाऱ्याला आणि हातगाडीवाल्याला जागा दिली की बाजार आपोआप पसरून बसतो.

उरतं विचारपूस करणारं माणूस. भोसीत आशाताईला प्रत्येक आखाडा माहीत होता. शहरात आशाताई आहेत, पण भाडेकरू बदलतात, गल्लीची नोंद जुनी असते, आणि आजारी माणूस कामावरून काढतील म्हणून सांगत नाही. इथं गटार मदतीला येतं. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो. 2020 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहराच्या सांडपाण्यावरून बाधितांची संख्या अंदाजली, आणि ती नोंदलेल्या आकड्यांच्या कितीतरी पट निघाली. नांदेडचे नाले आज गोदावरीत जाऊन मिळतात, ही नदीची मोठी व्यथा आहे आणि ते अडवून शुद्ध करायलाच हवेत. ते होत असतानाच प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी आठवड्यातून एक बाटली भरली तर कोणत्या भागात आजार वाढतो आहे हे आधी कळेल, आणि त्यासाठी कुणाचं नाव, कुणाचं दार विचारावं लागणार नाही. मग आशाताईला कोणत्या गल्लीत आधी जायचं ते ठरवता येईल.

ती त्या गल्लीत जाईल, दार वाजवील, ताप असलेल्या माणसाला सांगेल की बाजूला हो. तो विचारील, कुठं? भोसीच्या भूमिहीन मजुरांनीही हाच प्रश्न विचारला असणार. त्यांच्यासाठी शेतात शेड उभं राहिलं, वर पत्रे, चारही बाजूंनी रानातलं वारं. नांदेडच्या इतवाऱ्यात, लातूरच्या ट्यूशन एरियात, त्या प्रश्नाला पत्ता सांगता यावा: अमुक वसतिगृह, दुसरा मजला, खोली रिकामी आहे, नळाला पाणी आहे.